पंचेचाळीसच्या आतल्या

३ जून

खाडीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने पाठवलेल्या वहीत ‘शेरा’ या रकान्याला तीन बोटं जागा आहे. तेवढ्यात माझं भागणार नाही हे पहिल्याच पानावर कळलं, म्हणून ही दुसरी वही घेतली. ही कुणाला दाखवायची नाही.

पेटी आज सकाळच्या होडीने आली. प्लास्टिकच्या नळ्यांची एक मीटरची चौकट आहे. तिची एक बाजू निघते, म्हणजे कांदळाच्या मुळांभोवती ती अडकवता येते. चौदा मापकं, पाण्याचा खारेपणा बघायची एक नळी, गढूळपणा बघायला दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी, आणि तक्ते. तक्ते फार सुरेख आहेत. चौथी-पाचवीच्या चौदा मुलांनी दर पंधरवड्याला उधाणाच्या ओहोटीत मोचो खाडीत जायचं, दहा ठिकाणी चौकट टाकायची, आत सापडेल ती प्रत्येक काळी शिंपली मोजून तिचं माप घ्यायचं आणि आकडे पाठवायचे. संस्थेच्या पावलिना मॅडम फोनवर म्हणाल्या, “सारांगो सर, हे शाळेतलं प्रदर्शन नाही हं. हे आकडे आम्ही खरोखर वापरणार आहोत.”

मी बोकानिता गावात अकरा वर्षं शिकवतोय. मूळचा डोंगराकडचा. इथल्या बायका ज्या चिखलात उतरून घर चालवतात, त्यात मी अजून घोट्याच्या वर गेलेलो नाही. यात अभिमान नाही, नुसती नोंद आहे.

७ जून

पहिली फेरी. साडेनऊपर्यंत पाणी उतरलं. पाच-सहा मिनिटांत चिखलाने माझा डावा बूट ठेवून घेतला. पाचवीतल्या एनोकने तो ओढून काढला, धुऊन दिला आणि विचारलं, “सर, उजवा पण आत्ताच काढून ठेवू का?” सगळे हसले. मीही हसलो असं दाखवलं.

त्यानंतर मी मुळांवर एक फळी आडवी टाकली आणि तिच्यावर उभं राहून लिहायचं ठरवलं. कुणाचे तरी हात कोरडे हवेतच. शिवाय या चिखलात काटा मारणारा एक मासा असतो, त्याने दोन दिवस ताप येतो म्हणतात, आणि माझं वय बावन्न आहे.

यारित्सा बोने, वय दहा, ही सगळ्यांत तयार. डासांसाठी पेटवलेल्या नारळाच्या सोडणांचा धूर डोळ्यांत जात असतानाही ती शांतपणे आडवी होते, गाल चिखलाला टेकेपर्यंत हात आत घालते आणि नुसत्या बोटांनी शोधते. तिला एक वाईट खोड मात्र आहे. दर थोड्या वेळाने मूठभर चिखल खांद्यावरून मागे फेकते. दोनदा एनोकच्या डोक्यात पडला. मी हटकलं. “हो सर,” म्हणाली आणि मग हळू फेकायला लागली. तिचं बघून बाकीचेही तेच करतात. शिस्तीवर एक तास घ्यायला हवा.

दहा चौकटी, एकतीस शिंपल्या. सर्वांत मोठी ६३ मिलिमीटर, सर्वांत लहान ४६. रकाना अगदी स्वच्छ आला.

२१ जून

दुसरी फेरी. अठ्ठावीस. सर्वांत लहान ४५.

धक्क्यावर यारित्साची आई भेटली. उबाल्दिना बोने, शिंपल्या काढणाऱ्या बायकांच्या मंडळाची मुख्य. आवाज खाडीच्या या तीरावरून त्या तीराला पोचेल असा.

“काय मास्तर, फळीवरून दिसतात का शिंपल्या?”

“मला लिहायचं असतं, उबाल्दिनाबाई.”

“हो, तेही कामच की. पाठ दुखत असेल.” बरोबरच्या दोघी तोंडावर हात धरून हसल्या. मग ती जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, “पोरांच्या टोपलीत बारक्या तर नाहीत ना?”

“पंचेचाळीसच्या आतली एकही नाही. तक्ता दाखवू?”

“तक्ता राहू द्या. टोपली दाखवा.” तिने टोपलीत हात घालून तळापर्यंत चाळलं आणि यारित्साच्या डोक्यावर थोपटलं. “माझी पोर आहे,” म्हणाली.

पंचेचाळीस मिलिमीटरच्या आतली शिंपली बाळगायला बंदी आहे. तसा फलक आमच्या शाळेच्या भिंतीवरच आहे. तीन वर्षांपूर्वी उबाल्दिनाच्या जावेच्या पोत्यात अकरा बारक्या निघाल्या, तेव्हा गस्तीवाल्यांनी पोतं तर नेलंच, वर तिचा फोटो काढून बाजारात चिकटवला. ती जाऊ त्यानंतर खाडीत उतरली नाही.

दुपारी यारित्सा नारळाच्या रसातली कोळंबी आणि भात घेऊन आली. ‘प्रकल्पाला गावाचा पाठिंबा आहे’ असं मी ‘शेरा’मध्ये लिहिलं.

८ जुलै

तिसऱ्या फेरीचे आकडे धरून आज वर्गात आलेख काढला. भिंतीवर मोठा कागद, शून्यापासून सत्तर मिलिमीटरपर्यंत रेघ, आणि प्रत्येक शिंपलीसाठी बाटलीचं एक झाकण चिकटवायचं. झाकणं पंचेचाळीसपासून सुरू झाली आणि उजवीकडे चांगला डोंगर उभा राहिला.

एनोकने विचारलं, “सर, डावीकडे एवढी जागा कशाला सोडली? तिथे आमची चित्रं लावू या ना.”

मी म्हणालो, रिकामी जागासुद्धा माहिती असते. हे वाक्य मला आवडलं. मुलांना नाही आवडलं. यारित्साने डाव्या कोपऱ्यात हळूच एक होडी काढली, ती मी खोडायला लावली.

१६ जुलै

पावलिना मॅडमचा फोन.

“सर, एक शंका आहे. तीन फेऱ्या झाल्या, तीस मिलिमीटरची एकसुद्धा शिंपली नाही?”

“नाही.”

“वीसची? पंधराची?”

“नाही, मॅडम.”

“मुलं पुरेसं खोल बघतात ना? की वरवर हात फिरवून…”

मला राग आला. तो मी आवाजात येऊ दिला नाही, पण आला. ज्या मुलांचे हात चालायला लागल्यापासून या चिखलात आहेत, त्यांच्याबद्दल राजधानीत खुर्चीवर बसलेल्या बाईने शंका घ्यावी! मी म्हणालो, “माझ्या मुलांच्या हातून काही सुटत नाही. मी स्वतः तिथे उभा असतो.”

“मग हे लेखी द्याल का?”

“आजच देतो.”

दिलं. ‘सर्व मोजणी माझ्या देखरेखीखाली, पूर्ण काळजीने झाली असून चौकटीत सापडलेली एकही शिंपली नोंदीतून सुटलेली नाही याची मी खात्री देतो.’ खाली सही आणि शाळेचा शिक्का. वाक्य दोनदा वाचलं. पत्र चांगलं जमलंय.

२२ जुलै

मुलांना खांद्यापर्यंत हात घालायला लावले. चौतीस शिंपल्या. सर्वांत लहान ४५. मागे चिखल फेकणं चालूच. आता मी बोलत नाही. काही सवयी जन्माच्या असतात.

१४ ऑगस्ट

दोन पाकिटं आली. पहिल्यात निमंत्रण: २४ सप्टेंबरला प्रांताच्या मुख्य गावी मासेमारी खात्याची मोठी बैठक आहे, तिथे आमच्या दोन मुलांनी आलेख घेऊन यायचं. मी वाचून दाखवल्यावर वर्गात पंधरा मिनिटं काहीही शिकवता आलं नाही. मतं घेतली. यारित्सा आणि एनोक निवडून आले. यारित्साने लगेच विचारलं, “सर, तिथे बूट घालावे लागतात का?”

दुसऱ्या पाकिटात अहवाल होता. तो मी मधल्या सुट्टीत वाचायला घेतला. नवव्या पानावर लिहिलंय की मोचो खाडीत किमान दोन-तीन वर्षं शिंपल्यांची नवी पिढी आलेली नाही. आहेत त्या सगळ्या मोठ्या. त्या संपल्या की काही उरणार नाही. म्हणून खाडी दोन वर्षं पूर्ण बंद ठेवावी, निर्णय २४ सप्टेंबरच्या बैठकीत व्हावा. पुराव्यादाखल आमचा तक्ता आणि माझं पत्र जोडलंय.

म्हणजे ज्या बैठकीत या मुलांच्या आयांची खाडी बंद होणार, तिथे ही मुलं नवे बूट घालून आलेख धरून उभी राहणार. मुलांना मी हे सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट

मी सांगितलं नाही तरी गावाला कळलंच. अहवालाची एक प्रत मंडळालाही आली होती. दुपारी उबाल्दिना शाळेच्या दारात. यारित्सा मागे उभी होती. या वेळी हसणाऱ्या दोघी नव्हत्या.

“मास्तर, तुम्ही काय लिहून दिलंत?”

“जे सापडलं ते.”

“बारक्या नाहीत म्हणून लिहिलंत?”

“नाहीत म्हणून नाही लिहिलं. सापडल्या नाहीत म्हणून लिहिलं.”

“अहो, भरलीय खाडी बारक्यांनी! रोज हाताला लागतात. नखाएवढ्या, बोटाच्या पेराएवढ्या. डोळे मिटून सांगते मी.”

“मग दाखवा.”

“दाखवू?” तिने कमरेवर हात ठेवले. “टोपलीत घालून आणू? धक्क्यावर मांडू? म्हणजे गस्तीवाले माझाही फोटो काढतील, आणि तुम्ही फळीवर उभे राहून लिहून घ्याल.”

मी तिला शांतपणे सांगितलं की तोंडी गोष्ट आणि मोजलेली गोष्ट यांत फरक असतो, आणि संस्थेला मोजलेलीच लागते.  “अकरा वर्षं झाली तुम्हाला इथे,” म्हणाली आणि यारित्साला हाताला धरून निघून गेली.

तिने मुद्द्याचं उत्तर टाळलं असं माझं मत आहे. तरी वाईट वाटतंच. या बाईच्या हातचं मी किती वेळा जेवलोय. पण आकडे माझ्या वाईट वाटण्याने बदलत नाहीत.

१९ ऑगस्ट

फेरीला चौदापैकी पाच मुलं आली. रद्द केली. मासेवालीने आज मला मासे संपले म्हणून सांगितलं. टोपलीवरच्या फडक्याखालून शेपट्या दिसत होत्या.

२७ ऑगस्ट

यारित्सा सहा दिवस शाळेत नाही. एनोककडून कळलं की उबाल्दिना ग्वायाकील शहरात जाणार आहे, एका घरी स्वयंपाकाच्या कामाला. खाडी बंद झाली की लगेच. यारित्साही जाणार, पण तिला शाळेत घालणार नाहीत, कारण त्या घरी एक लहान मूल आहे आणि त्याला सांभाळायला कुणीतरी हवंच आहे.

“यारित्साने पिशवी भरून ठेवलीय सर,” एनोक म्हणाला. “बूट पण पिशवीत टाकले. बैठकीसाठी घेतलेले.”

मी त्याला भागाकाराची गणितं दिली. स्वतः मात्र दिवसभर एकही गणित धड तपासू शकलो नाही.

२ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

फेरीचा दिवस होता. धक्क्यावर एकही मूल आलं नाही. तक्त्यात रिकामा रकाना सोडणं मला जमत नाही, म्हणून मी एकटाच छोटी होडी वल्हवत मोचोत गेलो. चौकट टाकली. फळी टाकली. मग लक्षात आलं की मी फळीवर उभा राहिलो तर शिंपल्या काढणार कोण?

पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, नंतर दुमडण्यात अर्थ राहिला नाही. हात कोपरापर्यंत घातला. चिखल वर कोमट, आत गार. पहिली दहा मिनिटं नुसती मुळं लागली. मग काहीतरी टणक लागलं आणि मी ते धुऊन पाहिलं. शिंपली होती. बोटाच्या नखाएवढी. मला वाटलं, दुसऱ्या जातीची असेल. पुढची तशीच. त्याच्या पुढची थोडी मोठी, पण रेघा त्याच, काळी साल तीच. एका चौकटीत पाच मोठ्या आणि तेवीस लहान. मी चौकट उचलून दुसरीकडे टाकली. चार आणि एकोणीस.

काही कळेना. मुठीत सात-आठ घेतल्या आणि तसाच, गळ्यापर्यंत चिखलाने माखलेला, उबाल्दिनाच्या घरी गेलो. ती दारात केळी सोलत होती. मी मूठ उघडली. तिने माझ्या मनगटावर असा फटका मारला की अर्ध्या शिंपल्या उडाल्या. मग मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

“वेड लागलंय का तुम्हाला? भर रस्त्यातून? हातात घेऊन?”

“या तुमच्या खाडीतल्या आहेत.”

“मग कुणाच्या असणार!”

यारित्सा जमिनीवर पडलेल्या शिंपल्या गोळा करत होती. गोळा करताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. नजर दुसरीकडे, बोटं कामाला. मी विचारलं, “यारित्सा, तुम्हाला या चौकटीत कधी सापडल्या होत्या?”

तिने आईकडे पाहिलं. 

“खूप, सर.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“बारक्या हातात ठेवायच्या नसतात सर. लागल्या की लगेच मागे टाकायच्या. बघायच्या पण नाहीत, नाव पण काढायचं नाही.” ती रडायच्या बेतात होती. “मी एकपण ठेवली नाही. खरंच. कुणीच नाही ठेवली.”

तेव्हा मला तो खांद्यावरून मागे जाणारा चिखल दिसला. सगळ्या फेऱ्यांचा. मी समोर उभा राहून तो पाहिला होता आणि शिस्तीवर तास घेणार होतो.

उबाल्दिना खाली बसली. तिलाही आत्ताच उलगडा झाला होता. “देवा,” म्हणाली, “मीच शिकवलं की हिला.” आणि मग मोठ्याने हसायला लागली, आणि हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले.

३ सप्टेंबर

पावलिना मॅडमना फोन केला.  त्या म्हणाल्या, “सर, अहवाल गेलाय. तुमचं पत्र जोडलंय. आता बैठकीच्या तोंडावर तुम्ही उलट सांगताय, आणि मधल्या काळात गाव तुमच्यावर चिडलंय हे इथे सगळ्यांना माहीत आहे. लोक काय समजतील?”

मी म्हणालो, फेरमोजणी करतो. त्या म्हणाल्या, करा, पण मुलं तीच आहेत.

पत्राची प्रत काढून पुन्हा वाचली. खरंच चांगलं जमलंय. त्यात कुठेही फट नाही. माझी मलाच लाज वाटली.

१८ सप्टेंबर

फेरमोजणी. मुलांना आणण्यासाठी दोन आठवडे गेले. बायकांचा विश्वास बसेना. शेवटी तोडगा यारित्साने काढला: बारकी टोपलीत जाऊच द्यायची नाही. चौकटीतच माप घ्यायचं, आकडा सांगायचा आणि जिथून काढली तिथेच पुरायची. उबाल्दिनाने त्यावर आणखी एक अट घातली. “मास्तर चिखलात. आमच्या पोरांच्या शेजारी. गस्त आलीच तर पहिला फोटो तुमचा.”

मी उतरलो. कोरड्या हाताने लिहायला उबाल्दिनाची म्हातारी मामी फळीवर बसली.

पहिली बारकी एनोकला सापडली. त्याने मापक लावलं आणि गप्प बसला. मी म्हणालो, “सांग.” त्याने आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “अठरा.” सगळी मुलं तशीच. मोठी शिंपली निघाली की आरोळी, बारकी निघाली की कुजबुज. पंचेचाळीसच्या आतला एकही आकडा मोठ्याने निघेना. मामीला ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रत्येक कुजबुज मला ओरडून पुन्हा सांगावी लागली.

दहा चौकटी. मोठ्या तेहेतीस. बारक्या दोनशे बारा.

२४ सप्टेंबर

पहाटेच्या होडीने आम्ही पाच जण निघालो: यारित्सा, एनोक, उबाल्दिना, एनोकचे वडील आणि मी. दोन आलेख, दोन नळकांडी. यारित्साच्या पायात बूट होते. पिशवीतून काढले होते, पण पिशवी रिकामी केलेली नाही, हे तिने होडीतच सांगितलं.

सभागृहाबाहेर पावलिना मॅडमनी मला बाजूला घेतलं. प्रत्यक्षात त्या फोनवरच्यापेक्षा खूपच लहान दिसतात. हातात एक फॉर्म होता. “सर, दुरुस्तीच्या कारणासाठी इथे दोन घरं आहेत. ‘विद्यार्थ्यांची चूक’, ‘निरीक्षकाची चूक’. पहिल्यावर खूण करा. नऊ-दहा वर्षांची मुलं, त्यांना कोण काय म्हणणार? तुमच्या शाळेचं मोजणी केंद्र चालू राहील. दुसऱ्यावर केलीत तर नियमाने केंद्र बंद. पेटी परत, आणि तुमच्या सेवापुस्तकात नोंद.”

मी फॉर्म खिशात ठेवला. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मी पहिल्या घराचाच विचार करत होतो.

आत मुलांनी दोन्ही आलेख धरले. एकात डावी बाजू रिकामी, दुसऱ्यात डावीकडे मोठा डोंगर. बैठकीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, “हे दोन्ही याच मुलांनी मोजलं?”

“हो.”

“मग पहिल्या वेळी मुलांनी हलगर्जीपणा केला असेल तर दुसऱ्या वेळी त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा?” ते रागावलेले नव्हते. प्रश्न बरोबरच होता. “अशा वेळी आधीचा निर्णय राहू द्यावा हे बरं. दोन वर्षांनी बघू.”

 यारित्सा माझ्याकडे बघत होती, पण तक्रार करावी तसं नाही. वर्गात उत्तर येत नसलं की जशी बघते, तसं.

“मुलं चुकली नाहीत,” मी म्हणालो. “कायद्याने जी शिंपली हातात धरायची नाही, ती त्यांनी हातात धरली नाही. आईने शिकवलं तसं केलं. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“तुम्ही लेखी खात्री दिली होतीत.”

“हो.”

“जून ते ऑगस्ट, तुम्ही स्वतः किती वेळा चिखलात हात घातलात?”

“एकदाही नाही.”

“मग काय करत होतात?”

“फळीवर उभा होतो.”

मागे कुणीतरी हसलं. मग बरेच जण.  मी खिशातून फॉर्म काढला, दुसऱ्या घरावर खूण केली, सही केली आणि अध्यक्षांपुढे ठेवला. पहिल्या सगळ्या फेऱ्या रद्द धरल्या गेल्या, आणि त्यांच्यावर उभा असलेला अहवालही. खाडी चालू राहील. पावलिना मॅडम नोव्हेंबरात स्वतः येऊन मोजतील. तोपर्यंत मोजण्यापुरती बारकी हाताळायला मंडळाच्या बायकांना लेखी परवानगी. केंद्र बंद.

 परतीच्या होडीत उबाल्दिनाने कुटलेल्या केळ्याचा एक गोळा माझ्या हातात ठेवला. यारित्साने बूट काढून मांडीवर घेतले होते.

“सर, पेटी नेणार?”

“हो.”

“तुम्ही सांगायचं होतं ना, आम्हीच चुकलो म्हणून. आम्ही लहान आहोत. आम्हाला कोण काय करणार होतं?”

“पण तुम्ही चुकला नव्हतात.”

“मग पेटी का नेतायत?”

धक्का आला होता. मी दोन्ही नळकांडी उचलली. 

२८ सप्टेंबर

पेटी गेली. चौदा मापकं मोजून दिली. आज मासे मिळाले. मागितल्यापेक्षा जास्तच.

उबाल्दिनाने यारित्साची पिशवी रिकामी केली, असं एनोक म्हणाला.

२ ऑक्टोबर

काल उबाल्दिनाने निरोप धाडला: “उद्या आठला निघतो. पोरं घेऊन या. पेटी नसली म्हणून काय झालं, खाडी तर आहे.”

चार होड्यांतून गेलो. बायका एकवीस, मुलं चौदा. मला तिने मुलांच्या घोळक्यात टाकलं. “मास्तर अजून पहिलीत आहेत,” तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. “पुढच्या वर्षी वर चढवू.” लिहायचं काम यारित्साकडे. आई म्हणाली होती की तिला फळीवर बसू द्या, ती आज चिखलात नको, बूट घालून आलीय.

तासभर नेहमीसारखंच चाललं. मुलं कुजबुजत आकडे सांगत होती. बायका मुळांच्या पलीकडे होत्या, त्यांच्याकडून काहीच येत नव्हतं, फक्त मागे टाकलेल्या चिखलाचे आवाज. परवान्याचा कागद उबाल्दिनाच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत होता, तरीही.

मग खाडीच्या तोंडाशी गस्तीची होडी दिसली. इंजिन बंद करून ती तिथेच उभी राहिली.  एनोकने हातातली बारकी पटकन चिखलात दाबली. मीही दाबली. माझ्या हाताने ते आपोआप केलं.

मुळांमधून उबाल्दिना सरळ उभी राहिली. कोपरापर्यंत काळे हात, त्यातला एक वर. होडीकडे तोंड करूनच ती ओरडली, “यारित्सा! लिही! आईच्या बारक्या, सतरा!”

फळीवर यारित्साने वही उघडली. माझ्याकडे पाहिलं नाही. लिहिलं.

“लिहिलं का गं?”

“लिहिलं, मम्मी! सतरा!”

“माझ्या नऊ!” पलीकडून दुसरी ओरडली. “माझ्या बावीस, आणि त्यातली एक तर इतकीशी आहे!” तिसरी. मग मुलंही ओरडायला लागली, सगळी एकदम, आणि यारित्साला प्रत्येकाला थांबवून पुन्हा विचारावं लागत होतं.   माझ्या सहा मीही ओरडून सांगितल्या.

गस्तीची होडी थोडा वेळ तशीच उभी होती. ती इंजिन चालू करून निघून गेली तेव्हा आम्ही दोनशे चाळीसपर्यंत पोचलो होतो.